लक्ष्मीच्या वडिलांना द्यायचा कागद

दादा,

तुझ्या जलदान विधीच्या कामांची यादी मीच केली होती. भंतेजींना फोन, चटया, पाण्याचे जार, वहिनीच्या गोळ्या, रेणापूरहून येणाऱ्यांना नांदेडच्या बसस्थानकावरून घरी आणायची सोय. एकवीस कामं होती. संध्याकाळपर्यंत सगळ्यांवर खूण झाली. लोक म्हणाले, मंगलताई होत्या म्हणून सगळं नीट पार पडलं. मला तेव्हा रडू आलं नाही. हातात यादी असली की मला रडू येत नाही, हे तुला माहीत आहे.

बाविसावं एक काम होतं. ते मी यादीत घातलंच नव्हतं. ते गेल्या आठवड्यात केलं. कसं झालं ते तुला सांगायला हवं, कारण ते खरं तर तुझं काम होतं आणि तुझ्या हातून ते मी होऊ दिलं नाही.

आधी थोडं तुझं. तुझ्या जुन्या सहकाऱ्यांनी चौकात फ्लेक्स लावला होता. तुझा निवृत्तीच्या दिवशीचा फोटो, आणि खाली इंग्रजीत ‘सॅडली मिस्ड’. मी रिक्षातून उतरले, वाचलं, आणि तुझा आवाज ऐकू आला, ‘सॅडली मिस्ड? काय, बस चुकली का यांची?’ मी एकटीच हसले. रिक्षावाला माझ्याकडे बघत राहिला. घरात तू नव्हतास आणि ही गोष्ट सांगावी असं दुसरं कुणी नव्हतं. पहिल्यांदा तेव्हा कळलं की तू गेलास.

मी आठवीत होते तेव्हा तू बी.एड. करत होतास. सुटीत रेणापूरला आलास की माझं इंग्रजी घ्यायचास. पुस्तक कधी उघडल्याचं आठवत नाही. मी आंघोळ करून आले की मान बघायचास आणि म्हणायचास, ‘हाफ वॉश्ड.’ मी म्हणायचे, ‘दादा, साबण लावलाय की!’ ‘मग बॅडली वॉश्ड. जा परत.’ आई चुलीपाशी भाकरी भाजत असायची. तिला विचारायचास, ‘ही कशी?’ आई म्हणायची, ‘कशी म्हंजे? भाजलेली.’ ‘ते झालं. पण कशी भाजलेली?’ आई एक कड उचलून दाखवायची, ‘जराशी कच्ची ऱ्हायली.’ आणि तू माझ्याकडे वळायचास, ‘सांग, मंगे. अंडरकुक्ड नको, ते पुस्तकातलं. दोन शब्दांत सांग.’

आईला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पण तुझा पहिला धडा तिनेच पूर्ण केला. केलेली प्रत्येक गोष्ट कशी तरी केलेली असते, हे तिला ठाऊक होतं.

तुझं सगळं शिकवणं त्या एका वाक्यावर उभं होतं. तू म्हणायचास, इंग्रजीत लोक करणाऱ्याला सहज गाळतात. खिडकी फुटलेली, दार रंगवलेलं, भात शिजवलेला. कुणी केलं ते त्यात येत नाही. मग निदान कसं केलं ते तरी सांगा. घाईनं रंगवलेलं दार, नीट शिजवलेला भात. एवढा एक शब्द पुढे लावला की माणसाचं नाव येत नाही, पण त्याचा हात दिसतो. मुलांना ‘व्हेरी’ हा शब्द वापरायला तू बंदी केली होतीस. ‘व्हेरी आज रजेवर आहे,’ असं फळ्यावर लिहायचास. व्हेरी ब्रोकन म्हणायचं नाही, खिडकी नीट बघायची आणि मग म्हणायचं बॅडली ब्रोकन. व्हेरी लव्ह्ड नाही, मच लव्ह्ड. एक मुलगा म्हणाला होता, सर, माझे वडील मेहनतीचं खातात म्हणजे हार्डली अर्न्ड. तू त्याला हसू दिलं नाहीस कुणाला. आधी सांगितलंस की हार्ड अर्न्ड म्हणजे घाम गाळून कमावलेलं आणि हार्डली अर्न्ड म्हणजे जवळजवळ न कमावलेलंच, आणि मग म्हणालास, आता दुसरा शब्द आपल्या गावात कुणाला लागू होतो ते घरी जाऊन शोध. नाव मात्र सांगू नको.

मी तुझ्यासारखी नव्हते. लातूरच्या क्लासमध्ये मी चाळीस जोड्यांची यादी वाटते. हायली रेकमेंडेड, वाइडली यूज्ड, डीपली रूटेड. पाठ करा, पर्यायाला गोल करा, पुढच्या प्रश्नाकडे जा. तू माझी ती यादी पाहिलीस तेव्हा म्हणालास, ‘यातलं एक तरी पोरांनी डोळ्यानं बघितलंय का?’ मी म्हणाले, ‘परीक्षेत डोळ्यानं बघितलेलं विचारत नाहीत.’ ‘मंगे, तू काय करून राहिलीस, तुला तरी कळतंय का?’ ‘मुलं पास करून राहिलेय. तू काय करतोस?’ वहिनी मध्ये पडली नसती तर ते भांडण जेवणापर्यंत चाललं असतं. ते कधी मिटलंच नाही. अजूनही मला वाटतं की माझी यादी चुकीची नव्हती. फक्त ती पुरेशी नव्हती, आणि हे मी तुला कधी म्हटलं नाही.

आता त्या चिठ्ठ्यांची गोष्ट. तू किनवट तालुक्यातल्या त्या निवासी शाळेत होतास आणि निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. आठवीच्या मुलांना तू कोऱ्या कागदाचे तुकडे दिलेस, खळ दिली आणि सांगितलंस की आवारभर फिरा, केलेल्या गोष्टी शोधा आणि कशा केल्या ते त्यांच्यावरच चिकटवा. फाटकावर चिकटलं, न्यूली पेंटेड. खिडकीवर, बॅडली ब्रोकन. तुझ्या स्वतःच्या सदऱ्यावर मागून कुणी तरी लावलं, पुअरली आयर्न्ड. ते तू दिवसभर तसंच घालून फिरलास. स्वयंपाकघर आणि पाण्याची टाकी तीन मुलींकडे आली होती. त्यांनी टाकीवर लावलं, नेव्हर क्लीन्ड. डाळीच्या पातेल्यावर लावलं, थिनली कुक्ड.

थिनली शिजवलेल्या डाळीला लागत नाही, कापलेल्या कांद्याला लागतं, हे तू त्यांना दुसऱ्या दिवशी सांगणार होतास. दुसऱ्या दिवशी तपासणी आली.

साहेब फाटकावरची चिठ्ठी वाचून खूश झाले म्हणे. खिडकीपाशीही हसले. टाकीपाशी हसायचे थांबले. ‘हे कुणी लिहिलं?’ तू म्हणालास, ‘साहेब, या शब्दांत करणाऱ्याचं नाव नसतं.’ मला हे फोनवर सांगताना तू इतका हसत होतास की मला अर्धं कळलं नाही. टाकी त्याच दुपारी धुतली गेली हेही तू सांगितलंस. ‘मंगे, धडा पोहोचला बघ.’

आठ दिवसांनी तुला कारणे दाखवा नोटीस आली. शाळेची बदनामी, विद्यार्थ्यांना चिथावणी, खुलासा सादर करावा. ती घेऊन तू रविवारी लातूरला आलास. तू स्वतःचं उत्तर लिहून आणलं होतंस. तीन ओळी होत्या. चिठ्ठ्या माझ्या सांगण्यावरून लावल्या. तो माझ्या शिकवण्याचा भाग आहे. त्यातल्या कोणत्याही चिठ्ठीवर खोटं लिहिलेलं नाही.

ते उत्तर मी बाजूला ठेवलं आणि कामाला लागले. मी चांगले खुलासे लिहिते, सगळे नातेवाईक माझ्याकडेच येतात. मुद्दे पाडले, भाषा नमती ठेवली. चौथ्या मुद्द्यात तिघींची नावं घालून लिहिलं की सदर चिठ्ठ्या इयत्ता आठवीच्या तीन विद्यार्थिनींनी शिक्षकांची परवानगी न घेता खोडसाळपणाने चिकटवल्या असून त्याबाबत मी दिलगीर आहे.

‘पोरींची नावं नको, मंगे.’

‘नावं नसली तर उत्तर मोघम वाटतं. पुन्हा विचारणा होते.’

‘पण हे खरं नाही.’

‘तीन वर्षं राहिलीत तुझी. लहान आहेत त्या, त्यांना कोण काय करणार? एक ताकीद देतील. सही कर.’

तू बराच वेळ पेन हातात धरून बसलास. मग सही केलीस. मी त्या कागदाची घडी घातली, पाकिटात घातला आणि माझ्या वहीतल्या त्या ओळीवर खूण केली.

नोटीस मिटली. तुला समज देऊन सोडलं. मुलींना पंधरा दिवसांसाठी घरी पाठवलं आणि प्रत्येकीच्या बापाला तुझ्या खुलाशाची नक्कल दिली, म्हणजे तक्रार नको. पंधरा दिवसांनी दोघी परत आल्या. तिसरी आली नाही. तिचं नाव लक्ष्मी. तू फोनवर एवढंच म्हणालास, ‘तिसरी आली नाही.’ मी म्हणाले, ‘येईल.’

महिन्याभरानं तू तिच्या गावी जाऊन आलास. तिचे वडील म्हणाले, मास्तर, पोरीनं नाव खराब केलं, आता बस. तू म्हणालास की चूक पोरीची नाही, माझी आहे. त्यांनी नक्कल काढून दाखवली. तेव्हा तू मला विचारलंस, ‘मंगे, त्या बापाला एक कागद लिहून देऊ का? खरं काय ते लिहून?’ मी घाबरले. तो कागद कुणी पुढे नेला असता तर खुलासा खोटा ठरला असता. मी म्हणाले, ‘अजिबात नाही. आता कुणाला एक ओळ लिहून द्यायची नाही. तोंडानं काय सांगायचं ते सांग.’ तू ऐकलंस. लहानपणापासून मी तुझं ऐकत आले होते, आणि तू माझं ऐकलंस ते या एकाच प्रकरणात.

निवृत्त झाल्यावर पुन्हा एकदा विचारलंस. आपण वहिनीच्या अंगणात शेंगा फोडत होतो. ‘आता तर देऊ ना?’ मी म्हणाले, ‘तिचं लग्न झालं म्हणतोस. आता काय उपयोग?’ तू शेंग फोडलीस, दाणे माझ्या पुढ्यात टाकलेस आणि विषय बदललास. त्यानंतर तू कधी विचारलं नाहीस. मी मनात तो विषय संपल्याची खूण करून टाकली होती.

विधी झाल्यावर सगळे गेले आणि वहिनी तुझे कपडे घडी करत होती. ती म्हणाली, ‘यंदा किनवटचं ऱ्हायलं त्यांचं.’ मी विचारलं, किनवटचं काय? ‘दरसाल जूनात जात होते की, शाळा उघडायच्या आधी. त्या पोरीच्या घरी. दवाखान्यात बी म्हणून राहिले होते, मला गाडीत बसवून द्या, एका दिवसात येतो.’ सात वर्षांपूर्वी निवृत्त झालास, तरीही जात होतास. माझ्याशी दर रविवारी बोलायचास आणि त्यातलं एक अक्षर नाही.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी रडले. यादी संपली होती.

मग गेल्या आठवड्यात सकाळच्या गाडीनं किनवटला गेले, तिथून काळी-पिवळी जीप. पिशवीत पाण्याची बाटली, वही, दोन पेनं. जीपमध्ये मी बोलायचे मुद्दे लिहून काढले. पाच झाले. त्यांच्या दारात उभी राहिले तेव्हा पाचही विसरले.

वडील ओसरीवर पेरणीचं बियाणं निवडत बसले होते. थकले आहेत. लक्ष्मी तिथेच होती. सासर शेजारच्या गावात आहे आणि ती अंगणवाडीत मदतनीस आहे. तेवीस वर्षांची बाई झाली आहे, दादा. माझ्या डोळ्यापुढे इतकी वर्षं तेरा वर्षांची मुलगी होती, तीही न बघितलेली.

मी म्हणाले, ‘मी मास्तरांची बहीण. लातूरची. दादा गेले, मे महिन्यात.’

लक्ष्मी खाली बसली. वडील बियाण्याकडे बघत म्हणाले, ‘म्हणून आले न्हाईत. म्या म्हनलं, जून लागला, मास्तर कसे आले न्हाईत.’

‘काय बोलायचे येऊन?’

‘एकच. पोरीची चूक न्हाई, माझी हाय. दर साली तेच. च्या प्यायचे, अन् जायचे.’ थोडं थांबून म्हणाले, ‘मानूस लई चांगला. पन ताई, तोंडानं एक सांगायचे अन् कागदावर दुसरं. मानसानं कोनतं खरं धरावं? मला वाटायचं, पोरीचं नुसकान झालं म्हणून वाईट वाटून राह्यलं त्यांना, तवा सोताच्या अंगावर घेतेत.’

लक्ष्मी म्हणाली, ‘मी सांगत होते बाबाला. सरांनीच कागद दिले, सरांनीच खळ दिली. तर म्हणतात, मग सर खोटं लिहितील का?’

पत्र्याच्या पेटीतून त्यांनी कागद आणला. प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेला. दादा, ते माझं लिखाण होतं. सदर, असून, खोडसाळपणाने. माझे मुद्दे, माझे आकडे. आणि खाली तुझी ती सरळ, शाळेच्या फळ्यावरची सही.

मी म्हणाले, ‘हे दादांनी लिहिलं नाही. मी लिहिलं. त्यांना नको होतं. मी सही करायला लावली. नंतर ते तुम्हाला खरा कागद लिहून देणार होते, तोही मीच देऊ दिला नाही.’

एक कोंबडी बियाण्याकडे आली, वडिलांनी हाताने हाकलली.

लक्ष्मीनं विचारलं, ‘मग तुम्ही का न्हाई आलात?’

मला सवयीनं काही तरी उपयोगाचं बोलायचं होतं. मी म्हणाले, सतरा नंबरचा फॉर्म भरता येतो, बाहेरून दहावीला बसता येतं, मी लातूरहून पुस्तकं पाठवते, सगळं मी बघते. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, ‘फॉर्मचं मागून बघू. आधी हे लिहून द्या.’

‘काय?’

‘तेव्हा लिहून दिलं ना? आता बी लिहून द्या. आम्ही खोडी केली न्हाई म्हणून.’

मी वही काढली. लिहिता येतं मला, म्हणून भरभर लिहिलं. वाचून दाखवलं, की दहा वर्षांपूर्वी सादर झालेल्या खुलाशात चुकीची माहिती दिली गेली होती व त्यामुळे विद्यार्थिनींवर अन्याय झाला. लक्ष्मी लक्ष देऊन ऐकत होती. म्हणाली, ‘दिली गेली म्हणजे? कुणी दिली?’

मी ते पान फाडून काढलं. तू समोर असतास तर नुसतं माझ्याकडे बघितलं असतंस. दुसऱ्या पानावर मी शाळेतल्या मुलीसारखं हळूहळू लिहिलं. मी मंगल, मास्तरांची धाकटी बहीण. चिठ्ठ्या लावायला मास्तरांनी सांगितलं होतं. मुलींनी सांगितलेला अभ्यास केला. टाकीवर आणि डाळीवर त्यांनी लिहिलं ते खरं होतं. खोडसाळपणा हा शब्द माझा आहे. मी तो मास्तरांची नोकरी वाचावी म्हणून लिहिला, तो खोटा आहे हे मला लिहितानाही माहीत होतं. खाली सही केली, तारीख घातली.

वडिलांनी पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा वाचलं. ‘म्हंजे मास्तर दर साली खरंच सांगून राह्यले होते,’ ते म्हणाले. लक्ष्मी म्हणाली, ‘हाव, बाबा.’ ती रडली नाही. ते तिच्याकडे बघत नव्हते. दहा वर्षं ज्या गोष्टीवरून तिच्याशी अबोला धरला असेल, टोमणे मारले असतील, शाळेचं दप्तर कुणाला तरी देऊन टाकलं असेल, ते सगळं त्या ओसरीवर होतं आणि त्यातलं काही माझ्या कागदात मावलं नव्हतं.

मग त्यांनी माझा कागद हातात घेतला. अक्षर येत नाही त्यांना, पण तो खालून वर बघितला, उलटा करून मागची बाजू बघितली.

‘अन् मास्तरांची सही?’

‘ते नाहीत आता, बाबा,’ लक्ष्मी म्हणाली.

मी जुना कागद मागितला. म्हणाले, तो द्या, मी फाडते, खोटा आहे तो. त्यांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले, प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि पिशवीचं तोंड दुमडलं.

‘ऱ्हाऊ द्या,’ ते म्हणाले. ‘सही त्याच्यावर हाय.’